भोकाची दगडी सुरी: कापणीची की खुडणीची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या उत्खननातल्या वस्तूंच्या फोटोंमध्ये तळहाताएवढी, आयताकृती, भोकं पाडलेली एक दगडी पट्टी दिसते. तिच्याखाली 'हार्वेस्टर' असं लिहिलेलं असतं. डोंगरातले पहिले शेतकरी खरंच या पट्टीने पीक कापत होते का? लोखंड नाही, नांगराचा फाळ नाही, मग नुसत्या दगडावर शेती चालायची तरी कशी? शिवाय प्रश्नकर्त्यांनी हिमाचलच्या सहलीत ओढ्यात सापडलेल्या भोकाच्या एका दगडाचा फोटो जोडला आहे आणि 'हेही तेच का?' असं विचारलं आहे. त्या दगडाकडे शेवटी येतो.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पट्टी बहुधा धान्याच्या कामाचीच होती, पण तिच्या कामाला 'कापणी' म्हटलं की आपण चुकतो. ते काम खुडणीचं. आणि शेतीचा खरा भार या पट्टीवर नव्हताच. जमीन उकरणं, पेरणं, मळणं हे सगळं लाकडाने आणि हातांनी व्हायचं. दगडाचं मुख्य काम होतं ते लाकूड तोडायचं आणि घडवायचं. म्हणून शेती समजून घ्यायची तर पट्टीपेक्षा कुऱ्हाडीकडे जास्त बघावं लागतं. संग्रहालयात मात्र लोक पट्टीपाशीच थांबतात, कारण तिला भोकं आहेत!

मी गेली सत्तावीस वर्षं दगडी हत्यारांच्या धारा सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आहे. जमेल तेव्हा तशी हत्यारं स्वतः घडवून वापरूनही बघतो. डाव्या हातावरचे दोन व्रण त्याच उद्योगातले.

बुर्झहोम श्रीनगरच्या ईशान्येला साधारण १६ किलोमीटरवर, करेव्यावर आहे. करेवा म्हणजे जुन्या सरोवराच्या गाळाचं उंच, सपाट पठार. पाम्पोरचं केशर पिकतं ती जमीन याच जातीची. १९३५-३६ च्या सुमारास हेल्मुट द टेरा आणि टी. टी. पॅटरसन यांना ही जागा सापडली. पुढे १९६० ते १९७१ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या टी. एन. खजांची यांनी तिथे मोठं उत्खनन केलं. इथली वस्ती इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास सुरू झाली असं धरतात. त्रालजवळचं गुफक्राल (१९८१ मध्ये ए. के. शर्मा यांनी खणलेलं) आणि बारामुल्लाकडचं कनिसपूर (१९९८-९९, बी. आर. मणी) या त्याच परंपरेतल्या वस्त्या. गुफक्रालच्या सगळ्यात खालच्या थरात मातीची भांडी नाहीत, पण गहू, जव आणि मसूर आहेत. मडकं यायच्या आधी शेती आली होती.

आता ती पट्टी हातात घेतल्यासारखी नीट बघू. एक लांब बाजू जाड आणि बोथट, तिच्याजवळ भोकं. समोरची लांब बाजू घासून पातळ केलेली, बहुतेक वेळा किंचित बाहेर फुगलेली. लांब दांडा बसवायला जागा नाही. भोकांतून चामड्याची वादी ओवली, तिच्या फासात मधली दोन बोटं अडकवली, की पट्टी तळव्यात बसते आणि धार बोटांच्या पुढे येते. कणसाची मान अंगठ्याने धारेवर दाबायची आणि मनगटाला हिसका द्यायचा. विळ्यासारखं ओढायचं नाही. जावामध्ये भात खुडायला 'अनी-अनी' नावाची छोटी सुरी अशीच धरतात. उत्तर चीनमध्येही लोखंडाची अशी पट्टी कणसं खुडायला अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती.

मराठी माणसाला हे समजावणं खरं तर सोपं जावं. आपल्याकडे गव्हाची सोंगणी होते, भाताची कापणी होते आणि बाजरीची खुडणी होते. तीन वेगळे शब्द आहेत, कारण हाताच्या हालचाली वेगळ्या आहेत. इंग्रजीत या सगळ्याला 'हार्वेस्ट' हा एकच शब्द चालतो, म्हणून फोटोखाली 'हार्वेस्टर' आलं आणि मराठीत येताना त्याचं 'कापणीचं हत्यार' झालं.

अशी एक पट्टी मी वेल्ह्याकडच्या एका वरकस रानात नाचणी खुडायला नेली होती. स्लेटचा चपटा तुकडा, वाळूच्या दगडावर घासलेला, गुरवाच्या ढोलकीच्या दुरुस्तीतून उरलेली चामड्याची वादी. पहिली दहा मिनिटं सगळं चुकत होतं. मी धार ओढत होतो, त्यामुळे ताट वाकायचं आणि मुळासकट उपटून यायचं. शेतातल्या आजी थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पट्टी माझ्याकडून घेतली, बोटात अडकवली आणि कणीस अंगठ्याने मोडून धारेवर टिचवलं. 'ह्ये तर नखावाणी हाय,' म्हणाल्या. तासाभराने त्यांची टोपली भरली होती, माझी अर्धीही नव्हती. तेव्हा ध्यानात आलं की खुडणीला धार फार तीक्ष्ण लागत नाही. नखाएवढी पुरते. बाकी काम अंगठ्याचं.

डोंगरात खुडणीला एक अर्थही आहे. उतारावरचं पीक एकदम पिकत नाही. सावलीकडचा तुकडा मागे राहतो, उन्हाकडचा पुढे जातो. खुडणीत पिकलेलं तेवढं घेता येतं, दाणे गळायच्या आत घेता येतं, आणि टोपलीत फक्त कणसं येतात. डोक्यावरून चढ चढायचा तर काडाचं ओझं कशाला वाहा? काड उभंच राहतं. ते नंतर उपटता येतं किंवा शेळ्या-मेंढ्या त्यात सोडता येतात. काश्मीरच्या हिवाळ्यात वैरण ही दाण्याच्या खालोखाल महत्त्वाची गोष्ट, आणि शेळ्या-मेंढ्या या वस्त्यांमध्ये होत्या.

आता खरी अडचण. पट्टीने धान्य खुडलं हे आकारावरून ठरत नाही, धारेवरून ठरतं. गवताच्या आणि लव्हाळ्याच्या कुळांतल्या वनस्पतींच्या देठांत सिलिकाचे बारीक कण असतात. गहू, जव, भात, नाचणी, लव्हाळं, सगळ्यांत. हजारो देठ कापले की धारेवर काचेसारखी तकाकी चढते. चकमकीच्या पात्यावर ती नुसत्या डोळ्यांना दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तकाकीत बारीक ओरखडे दिसतात आणि त्यांची दिशा हालचाल सांगते. विळ्यासारखं ओढलं असेल तर ओरखडे धारेला समांतर जातात. खुडलं असेल तर ते आडवे-तिरपे येतात. हे शास्त्र रशियन संशोधक सर्गेई सेम्योनोव यांनी गेल्या शतकाच्या मध्यात उभं केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचीच वाढवलेली आवृत्ती वापरतात.

काश्मीरच्या पट्ट्यांवर ते वापरताना दोन खोड्या निघतात. पहिली म्हणजे धार घासून केलेली असते, त्यामुळे घासण्याचेच शेकडो ओरखडे तिथे आधीपासून असतात. वापराचे ओरखडे त्यांच्यावर चढलेले असतात. ते वेगळे काढणं म्हणजे गिरवलेल्या पाटीवरचं दुसऱ्यांदा लिहिलेलं वाचणं. नवशिके विद्यार्थी इथे हमखास फसतात. घासण्याच्या रेघा बघून 'कापणीचा पुरावा' लिहून मोकळे होतात.

दुसरी खोडी जास्त मजेची. बुर्झहोमच्या कितीतरी मडक्यांच्या बुडावर चटईचे ठसे आहेत. ओलं मडकं चटईवर ठेवलं की विणीचा छाप बुडावर उमटतो. म्हणजे हे लोक चटया विणत होते आणि चटईसाठी गवत किंवा लव्हाळं कापत होते. खोऱ्यात पाणथळ जागांना तोटा नाही. लव्हाळं कापल्यावर धारेवर जी तकाकी येते ती जवाच्या तकाकीची सख्खी बहीण. दोघींत फरक करता येतो, पण त्यासाठी धार उत्तम टिकलेली हवी. म्हणून एखाद्या पट्टीवर तकाकी दिसली तर मी एवढंच म्हणतो: सिलिकाचे देठ कापले. धान्याचे की चटईचे, हे ती पट्टी एकटी सांगू शकत नाही. शेजारी सापडलेले जळके दाणे, चटईचे ठसे आणि पट्ट्यांची संख्या एकत्र मांडूनच काही बोलता येतं. माझा कौल दोन्हीकडे आहे. घरातलं एक चांगलं हत्यार एकाच कामाला ठेवायची चैन त्यांना परवडणारी नव्हती. तुमच्या घरातला विळा तरी फक्त गवतच कापतो का?

मग दगडाचाच प्रश्न. आपल्या दख्खनमधले पहिले शेतकरी, इनामगाव, नेवासे, जोर्वेचे, कॅल्सेडोनीची (गारगोटीच्या जातीच्या, अगदी बारीक कणांच्या दगडाची) बारीक पाती काढत. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं दीर्घ उत्खनन केलं, त्यात अशी पाती भरपूर मिळाली. एका गाभ्यावरून एकामागून एक, दोन समांतर कडांची, ब्लेडसारखी पाती. काश्मीरच्या नवाश्मयुगात, म्हणजे घासलेल्या दगडी हत्यारांच्या आणि पहिल्या शेतीच्या काळात, हा पात्यांचा धंदाच नाही. भारतातल्या बाकीच्या नवाश्म वस्त्यांपेक्षा काश्मीर वेगळं उठून दिसतं ते त्यामुळेच. लोक मागासलेले होते म्हणून असं झालं, असं जुन्या लिखाणात सूचित केलेलं असतं. मला ते पटत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्सेडोनी आणि अकीक भरलेले असतात. नदीपात्रात हात घातला तरी मिळतात. काश्मीरच्या लोकांनी मुख्यतः वापरला तो पीर पंजालचा ट्रॅप. तोही ज्वालामुखीचाच खडक, पण आपल्या साडेसहा कोटी वर्षांच्या पाषाणासमोर तो सुमारे २९ कोटी वर्षांचा म्हातारा. घट्ट, चिवट, हिरवट-करडा. त्याच्यातून ब्लेडसारखं पातं निघत नाही. पण कुऱ्हाडीला याच्यासारखा दगड नाही. ज्या दगडात जे आहे ते त्यांनी काढलं आणि जे नाही ते हाडात शोधलं.

हाडाची हत्यारं हा बुर्झहोमचा खरा दागिना. टोचे, नेढ्याच्या आणि बिननेढ्याच्या सुया, बाणाची टोकं, भाले, काटेरी हार्पून. भारतातल्या नवाश्मयुगात इतकं समृद्ध हाडकाम क्वचितच सापडतं. हार्पून म्हणजे मासेमारी, खाली झेलम आहे, सरोवरं आहेत. पण मला जास्त बोलकी वाटते ती सुई. शून्याखाली जाणाऱ्या थंडीत कातडं शिवल्याशिवाय माणूस टिकत नाही. आधी टोच्याने भोक पाडायचं, मग सुई घालायची. टोच्याच्या टोकावर गोल फिरवल्याचे आडवे ओरखडे येतात, सुईवर लांबीच्या दिशेने गुळगुळीतपणा येतो. शेतीच्या गप्पांत सुईला कुणी जागा देत नाही, पण डोंगरात धान्य पेरायला वसंतापर्यंत जिवंत राहावं लागतं.

आता कुऱ्हाड. इथे थोडा रेंगाळणार आहे.

घासलेली कुऱ्हाड चार टप्प्यांत होते. आधी मोठ्या गोट्याने कपच्या उडवून ढोबळ आकार काढायचा. मग टाकी लावायची. जात्याला टाकी लावणारा पाथरवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फरक एवढाच की इथे लोखंडी टाकी नाही, कठीण दगडाचा गोटा आहे. टकटक टकटक करत दगडाचं पीठ पाडत जायचं. कपची उडवताना दगड कुठे फुटेल याचा भरवसा नसतो. टाकी लावताना असतो, म्हणून चिवट दगडाला टाकीच बरी. तिसरा टप्पा घासण्याचा: वाळूचा दगड, ओली वाळू आणि वेळ. शेवटी घोटणं, तेही बहुतेक धारेपुरतंच. माझी पहिली कुऱ्हाड, सह्याद्रीतल्या एका डाईकच्या (खडकाच्या भेगेत गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंतीच्या) दगडाची, नुसती धार घासायला चार दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दंडाला पेटके आले आणि मी प्राचीन मानवाला एक कडक शिवी दिली.

एवढा खटाटोप कशासाठी? चकाकीसाठी नाही. कपच्या उडवलेल्या धारेवर खाचा आणि बारीक भेगा राहतात. लाकडावर घाव बसला की ताण त्या भेगांत जमतो आणि धारेचा तुकडा उडतो. घासून भेगा काढल्या की घावाचा ताण सगळ्या धारेवर पसरतो. कपच्यांची धार सुरुवातीला जास्त तीक्ष्ण असते, पण शंभर घावांनंतर घासलेलीच उभी राहते. आणि ती बोथट झाली तर पुन्हा घासता येते, आपण विळ्याला धार लावतो तशी. म्हणूनच जुन्या कुऱ्हाडी संग्रहालयात आखूड दिसतात. त्या आखूड घडवलेल्या नव्हत्या, धार लावून लावून झिजल्या आहेत. लांब कुऱ्हाड म्हणजे नवी, किंवा फारशी न वापरलेली.

वापरायची पद्धतही वेगळी. पहिल्याच दिवशी मी लोखंडी कुऱ्हाडीसारखा खांद्यावरून पूर्ण घुमवून घाव घातला. दांड्याच्या खाचेपाशी पातं कडकन दोन तुकडे झालं. चार दिवसांची मेहनत चार घावांत गेली. नंतर कळलं की हीच चूक डेन्मार्कमध्ये द्रावेडच्या जंगलात १९५० च्या दशकात झालेल्या प्रयोगात कसलेल्या लाकूडतोड्यांनीही केली होती. लांब, जोरदार घावांनी पाती तुटत होती. कोपर आणि मनगटातून छोटे, भराभर घाव घालायला लागल्यावर काम जमलं. तिघांनी चार तासांत सुमारे ५०० चौरस मीटर भूर्जाचं जंगल साफ केलं. एका पात्याने शंभरावर झाडं पाडली, आणि त्या पात्याला ४,००० वर्षांत कुणी धार लावली नव्हती. द्रावेड डोंगरात नाही, पण झाड भूर्जाचं होतं म्हणून इथे सांगतो. बुर्झहोमच्या नावातला 'बुर्झ' म्हणजेच भूर्ज, आणि तिथे छपराच्या अवशेषांत जळकं भूर्जही मिळालं आहे.

कुऱ्हाड आणि वाकस यांत गल्लत करू नका. दोन्ही दगड लांबून सारखे दिसतात. कुऱ्हाडीची धार दांड्याला समांतर, वाकसाची आडवी. सुताराचा वाकस ज्याने हातात धरला आहे त्याला हे हातानेच कळतं. दांडा कुजून गेला तरी धार सांगते: दोन्ही बाजूंनी सारखी उतरलेली धार बहुधा कुऱ्हाडीची, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरती धार वाकसाची. झीजही वाकसाच्या एकाच अंगाला जास्त येते. कुऱ्हाडीने झाड पडतं, वाकसाने त्याची खणायची काठी, खांब, द्रोण, उखळ होतं. शेतीच्या दृष्टीने मला वाकस मोठा वाटतो.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कूक नावाची दलदल आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटरवर. १९७० च्या दशकात जॅक गोल्सन यांनी तिथे खणलं तेव्हा सुमारे ७,००० वर्षांपूर्वीपासूनच्या लागवडीच्या खुणा मिळाल्या, पुढच्या काळातले पाण्याचे चर मिळाले. २००८ पासून ती जागा जागतिक वारसा आहे. तिथली शेती खणायच्या लाकडी काठ्यांनी आणि लाकडी फावड्यांनी चालली. दगड होता तो झाड तोडायला आणि ही फावडी घडवायला. लाकूड कुजतं, दगड उरतो, आणि आपण उरलेल्याला सगळं श्रेय देतो.

काश्मीरमध्ये मात्र दगडाने थेट माती खणल्याचा पुरावा आहे, तोही डोळ्यांना दिसणारा. बुर्झहोमच्या पहिल्या काळातली घरं म्हणजे करेव्यात खणलेले खड्डे, वर तोंड अरुंद, खाली बूड रुंद. सगळ्यात मोठ्याचं तोंड २.७४ मीटर, बूड ४.५७ मीटर आणि खोली जवळजवळ ४ मीटर. भिंतींना मातीचा गिलावा, आणि गिलाव्यामागे लांबट दगडी हत्यारांचे घाव अजून दिसतात. हत्यार आणि त्याचं काम समोरासमोर भेटायचा असा योग आमच्या धंद्यात क्वचित येतो. एरवी आम्ही धारेवरून कामाचा अंदाज करतो, इथे कामावरून धारेची रुंदी मोजता येते.

या खड्ड्यांत माणसं राहत होती की धान्य, यावर वाद आहे. तोंडाच्या आसपास खांबांची भोकं आणि चुली आहेत, म्हणून राहणं. तोंड अरुंद, तळ रुंद, आत धूर कोंडणार, म्हणून काही अभ्यासकांच्या मते ती कोठारं. विदर्भ-मराठवाड्यातलं जमिनीत पुरलेलं ज्वारीचं पेव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना दुसरा तर्क लगेच पटेल. आकार जवळजवळ तोच: अरुंद तोंड, फुगीर पोट, आतून लिंपलेलं. सगळ्यांत खोल खड्डे मला पेवच वाटतात. उथळ आणि मोठे राहण्याचे असावेत. सगळ्या खड्ड्यांचं एकच उत्तर असायला हवं हा हट्टच मला चुकीचा वाटतो.

भोकाची पट्टी आली कुठून, हा वाद जुना आहे. चीनमध्ये पिवळ्या नदीच्या खोऱ्यातल्या नवाश्म वस्त्यांत अशा पट्ट्या ढिगाने सापडतात. पूर्व तिबेटमध्ये छामदोजवळ कारुओ इथे, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, त्या आहेत, सोबत अर्धी जमिनीत असलेली घरं आणि राळे. पश्चिमेला स्वातच्या खोऱ्यात, लोएबान्र आणि कलाको-देराय इथे, इटालियन पथकांना अशाच पट्ट्या आणि खड्डे मिळाले. काश्मीर यांच्या मधोमध. अलीकडे काश्मीरमध्ये पेठपुरन टेंग इथे चेनाचे दाणे सापडले. चेना, आपल्या वरईचा चुलतभाऊ, मूळचा उत्तर चीनकडचा. दाणा पूर्वेकडून आला तर पट्टीही आली, असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच शेतात गहू, जव, मसूर, शेळी आणि मेंढी पश्चिमेकडून आलेली आहेत. आणि भोकातून वादी ओवायची युक्ती इतकी साधी आहे की ती दोनदा सुचू शकते. मला संपर्क खरा वाटतो. पण 'चीनहून आलेली संस्कृती' हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधात दिसलं की खोडतो. डोंगराच्या खिंडींत वाट दोन्हीकडून चालते.

धातू आल्यावर दगड गेला का? बुर्झहोमच्या दुसऱ्या काळात तांब्याची बाणाची टोकं आहेत, आणि दगडही आहेच. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आल्प्समध्ये मिळतं. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर ३,२१० मीटर उंचीवर बर्फात सापडलेला ओट्झी, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या जवळ जवळजवळ शुद्ध तांब्याची कुऱ्हाड होती, आणि कमरेला चकमकीचं पातं बसवलेला खंजीर. पिशवीत चकमकीची खरवडणी, टोचा, एक कपची. त्याच्या पोटात गव्हाचे दाणे आणि आयबेक्स (डोंगरी रानबोकड) आणि हरणाचं मांस होतं, म्हणजे शेती करणाऱ्या समाजातलाच माणूस. त्याची दगडी हत्यारं धार काढून काढून इतकी झिजलेली होती की आणखी दोन-चारदा धार काढली असती तर टाकूनच द्यावी लागली असती. धार काढायचं साधनही सापडलं: लिंडन झाडाच्या फांदीच्या तुकड्यात रोवलेलं हरणाच्या शिंगाचं टोक, हुबेहूब पेन्सिलसारखं. तांबं तोडायला होतं. कापायला, खरवडायला, टोचायला दगडच होता, आणि तो संपत आला होता. नवी चकमक मिळायची ती दक्षिणेच्या डोंगरांतून.

आल्प्सबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. इटलीतल्या माँते व्हिसोच्या उतारावर २,००० मीटरच्या वर हिरव्या जेडच्या खाणी आहेत. तिथल्या दगडाच्या कुऱ्हाडी थेट ब्रिटनपर्यंत पोहोचल्या. काहींनी एकाही झाडाला हात लावलेला नाही. त्या इतक्या पातळ आणि इतक्या घोटलेल्या आहेत की पहिल्याच घावाला तुटल्या असत्या. लग्नातली चांदीची भांडी जशी आमटीला काढत नाहीत, तसंच हे. म्हणून संग्रहालयात सगळ्यात सुंदर कुऱ्हाड दिसली की 'याने जंगल तोडलं' असं लगेच म्हणू नका. जंगल बहुधा कोपऱ्यातल्या त्या आखूड, टवके उडालेल्या, कुरूप कुऱ्हाडीने तोडलं.

आता तुमचा हिमाचलचा दगड. फोटोत भोक वरून दिसतं आहे, त्याने काही ठरत नाही. माणसाने चपट्या दगडात पाडलेलं भोक बहुधा दोन्ही बाजूंनी कोरत आणलेलं असतं, त्यामुळे ते डमरूसारखं होतं: दोन्हीकडे तोंड रुंद, मधे गळा अरुंद. आतल्या कडांवर गोल फिरणाऱ्या बारीक रेघा राहतात. ओढ्याच्या पाण्याने किंवा मऊ भाग झिजून झालेलं भोक आतून सगळीकडे सारखं गुळगुळीत असतं, वाकडं जातं आणि दगडाच्या मऊ थराच्या रेषेतच येतं. दुसरं, धार बघा. चारही कडा सारख्या गोलावलेल्या असतील तर तो ओढ्याचा गोटा. एकच कड पातळ आणि सरळ असेल तर पुढे बोलू.

भोकाचा फोटो तिरप्या उजेडात काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आणि दगड नेमका कुठल्या ओढ्यात, कुठल्या बाजूला मिळाला ते लिहून ठेवा. पुसू नका, ब्रश लावू नका. खरंच जुनं हत्यार निघालं तर जवळच्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयाला दाखवा. १९७२ चा पुरावशेष कायदा तुमच्या कपाटातल्या वस्तूलाही लागू होतो. आणि पुढच्या वेळी दगड उचलायच्या आधी जागेवरच फोटो काढा. जागेवरून उचललेल्या दगडाबद्दल मला भोकापलीकडे फारसं काही सांगता येत नाही.